नवा रेग्युलेटर, सुरतचा तरणतलाव आणि माझी न झालेली भीती

मालवणच्या समुद्रात उतरायचं असेल तर आधी तलावात सराव करा आणि प्रशिक्षकाची सही आणा, असं तिथल्या डायव्हिंगवाल्यांनी कळवलं. माझं वय चौसष्ट. डॉक्टरांनी कान, फुप्फुसं, हृदय सगळं तपासून होकार दिला होता. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र, मी स्वतःचा नवा घेतला. दुसऱ्याच्या तोंडातली वस्तू तोंडात घालायची नाही, ही भुसावळच्या कॉन्व्हेंटची शिकवण. जळगावात शिकवणारं कुणी मिळेना, सुरतेत मिळालं.

जळगावहून सकाळची गाडी धरा. नंदुरबारपर्यंत कोरडं माळरान, नवापूरनंतर एकदम साग. गोडादऱ्याकडे जायचं असेल तर सुरतपर्यंत जाऊ नका, आधीच्या उधना स्टेशनवर उतरा, रिक्षाचे पैसे वाचतात. गोडादऱ्यात माझी धाकटी जाऊ विमल राहते. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये ती कापड तपासते. फारशी शिकलेली नाही, हे मी वर्षानुवर्षं चारचौघांत सांगत आले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेल-शेव घातलेला गरम लोचो खाल्ला (चाळीस रुपये, एका प्लेटमध्ये दोघींचं भागतं) आणि तलावावर गेलो. विमल सुट्टी काढून सोबत आली.

कमरेइतक्या पाण्यात तोंड बुडवून पहिला श्वास घेतला. हवेबरोबर चमचाभर पाणी. दुसऱ्याला पुन्हा तेच. मी खोकत वर आले.

"माजी, डरने का नहीं," प्रशिक्षक जिग्नेशभाई म्हणाले.

"मी डरत नाही. पाणी येतंय."

"नवा पीस आहे, त्यात पाणी कसं येणार? माझा लावून पाहा."

"नको."

"मग सही कशी करू?"

पन्नाशीनंतर बाईचं काहीही बिघडलं की पुरुषांना त्यात भीती दिसते. मी सोबत आणलेलं माहितीपुस्तक इंग्रजीतून वाचून दाखवलं: नळीचं टोक टोपणाने बंद करून तोंडाने ओढा, हवा आली तर कुठेतरी गळती आहे. "काठावर बसून ओढते," मी म्हटलं. "इथे कशाला घाबरेन?"

ओढलं. हवा आली, बारीकशी, पण आली. जिग्नेशभाईंनी मला पुन्हा ओढायला लावून कान लावला. मग उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या रबरी झडपेवरचं झाकण त्यांनी काढलं, टॉर्च मारली. काहीच दिसेना.

विमल उठली. "आना आठे," तिने आपल्या अहिराणीत यंत्र मागून घेतलं आणि उजेडाकडे तिरकं धरलं, एकदा या बाजूने, एकदा त्या. तिच्या मिलमध्ये उजेडाच्या टेबलावरून तागा सरकत असतो आणि तिला तुटलेला एकच धागा शोधायचा असतो. "दखा ताई. दोरा शे."

झडपेच्या काठाखाली पापणीच्या केसाएवढा धागा अडकला होता. गुलाबी.

माझा टॉवेलही गुलाबी. आठवडाभर मी ते यंत्र रोज धुऊन, टॉवेलचं टोक आत घालून घालून पुसत होते. झाकण निघेपर्यंत काठावर बसून दुकानदाराला लिहिलेली दोन पानी तक्रार माझ्या पर्समध्ये होती.

जिग्नेशभाईंनी चिमट्याने धागा काढला. मी पुन्हा टोपण लावून ओढलं. गाल आत गेले, हवा आली नाही. मला हसू आलं, त्यांनाही.

मग आम्ही दोघं तळाशी गेलो. बारा फूट. श्वास घेतला आणि कोरडी, थंड हवा आत आली. सोडला तर बुडबुडे कानांवरून घरंगळत वर गेले. मी गुडघ्यांवर बसले आणि मान वर केली. पाण्याचं छत चमकत होतं, माझेच श्वास चांदीच्या थाळ्यांसारखे रुंद होत त्याला जाऊन भिडत होते. चौसष्ट वर्षं मी श्वास घेते आहे, तो कसा दिसतो ते त्या दिवशी कळलं. जिग्नेशभाईंनी दोनदा वर चला अशी खूण केली. मी दोनदा नाही म्हटलं.

वर आले तर विमल काठावर उकिडवी बसलेली. "इतला वेळ काय करी ऱ्हायनात?"

"बसले होते," मी म्हटलं. त्याहून बरं उत्तर अजून सुचलेलं नाही.

सही मिळाली. जळगावला घरी येऊन पिशवी उपसली तर गुलाबी टॉवेलवर लाल बाणाचा स्टिकर. कापडात दोष सापडला की मिलमध्ये तिथे तो चिकटवतात. विमलने लावला होता. तक्रारीचा कागद मी फाडला. टॉवेल पाय पुसायला गेला. बाण सोलून मालवणच्या तिकिटांवर लावला आहे. तिकिटं दोन काढली आहेत.