रत्ना बाजूला बसली

आमच्या भावकीत श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीच्या रोटाचं, तिच्या नैवेद्याचं, दळण म्हणजे बायांची परीक्षाच. गहू आणि डाळ धुऊन वाळवायची, जातं धुवायचं, आणि ज्या बाईला त्या दिवसांत अडचण आहे तिनं सावलीसुद्धा पाडायची नाही. श्रावण लागायच्या आधीच सुना आपापल्या तारखा मोजायला बसतात. दोंडाईचाजवळच्या आमच्या गावात मात्र काही वर्षं कुणाला ती काळजी नव्हती, कारण घरात रत्ना होती.

रत्ना माझ्या जेठांची, थोरल्या दिरांची, मुलगी. मी नवऱ्याच्या मिलच्या नोकरीपायी सुरतेला होते, परत आले तेव्हा पोरगी वीस-एकवीसची झालेली. सडपातळ, उंच, कामाला वाघीण. जात्यावर बसली की उठायचं नाव नाही. बाया कौतुकानं म्हणायच्या, रत्ना कानबाईची लाडकी, कधीही हाक मारा, सोवळीच असते. मलाही वाटलं, वा, पोरीचं नशीब बघा.

मग तिला शिरपूरचं स्थळ आलं. मुलगा हितेंद्र, शाळेत शिक्षक, आणि स्थळ आणलं आमच्याच सुमनबाईनं, म्हणजे माझ्या चुलतजावेनं. हितेंद्र तिचा भाचा. लग्नाची तिथी धरायच्या आधी मुलीच्या आईला तारीख विचारतात, तशी मी कमलबाईंना, रत्नाच्या आईला, विचारली. त्या डाळ निवडता निवडता म्हणाल्या, कोणतीही धरा, आमच्या रत्नाचं काही नसतं.

नसतं म्हणजे? मी सूप हातातून काढून घेतलं. तेव्हा कळलं की पोरीला कावळा एकदाही शिवला नव्हता. आईला वाटे, होईल उशिरा, काटक अंगाची आहे. आणि सगळी गल्ली तिचं कौतुक करत होती, मग काळजी करायची तरी कुठे? मला असा संताप आला म्हणून सांगू. पोरीचं दुखणं सोवळं म्हणून मिरवलं आपण.

दुसऱ्याच दिवशी तिला धुळ्याला घेऊन गेले. डॉक्टरीणबाई शांत होत्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी रत्नाला विचारलं, तुला वास येतो का? रत्ना म्हणाली की दूध करपल्याचं तिला डोळ्यांनी कळतं. लोक वास येतो म्हणतात ते नुसतं बोलण्यापुरतं असेल असं तिला लहानपणी वाटायचं, आणि नंतर विचारायची लाज वाटली. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करून आईला ते माहीत नव्हतं.

बाईंनी समजावलं ते मला समजलं तसं सांगते. मेंदूच्या तळाशी किस्पेप्टिन नावाचं एक पेप्टाइड असतं. ते शेजारच्या पेशींना उठवतं, त्या पेशी हार्मोन सोडतात, आणि तो निरोप खाली पोचला की मुलगी वयात येते. हार्मोन सोडणाऱ्या या पेशी, बाळ आईच्या पोटात असताना, त्याच्या नाकाकडून वासाच्या नसांच्या वाटेनं चालत मेंदूत जातात. रत्नाची ती वाटच नीट झाली नाही, पेशी पोचल्याच नाहीत, म्हणून वासही नाही आणि पाळीही नाही. तिचा काही दोष नाही. गोळ्या घेतल्या तर अंग भरेल, हाडं टिकतील, पाळी येईल. मूल हवं असलं तर त्याची वेगळी इंजेक्शनं असतात, वेळ लागतो, पण वाट आहे.

घरी आल्यावर माझा मुलगा पियुष मोबाइल घेऊन बसला. हे किस्पेप्टिन बाटलीत विकत मिळतं, म्हणाला, मागवू का. कमलबाईंचे डोळे चमकले. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, ते अजून संशोधनातलं आहे, बाटलीत काय असेल सांगता येत नाही, आणि हिच्या डोक्यात उठवायला पेशीच नाहीत तर ते उठवणार कुणाला? पियुषनं मोबाइल खिशात घातला.

गोळ्या सुरू झाल्या. महिने गेले, चेहऱ्यावर तजेला आला. पुढे दुसऱ्या गोळ्या जोडायची वेळ आली, त्यानं पाळी येणार होती, आणि नेमका श्रावण तोंडावर. कमलबाई पोरीच्या मागे लागल्या की कानबाई होऊ दे, साखरपुडा होऊ दे, मग घे. त्यांना भीती सुमनबाईची. तिला कळलं तर स्थळ गेलं. रत्ना ऐकून घ्यायची आणि गोळी घ्यायची. हितेंद्र तिला आवडला होता, हे मला माहीत होतं. म्हणून तर तिला त्याला फसवायचं नव्हतं.

दळणाच्या सकाळी सगळ्या जमल्या. सुमनबाईनंच हाक मारली, रत्ना, ये बस. रत्ना दाराबाहेरच उभी राहिली.

"काकू, यंदा मी जात्याले हात लावाव नही. मी बाजूले बसेल शे."

कुणीतरी हसलं, थट्टा वाटली. रत्नानं सुमनबाईकडे बघून सगळं सांगितलं: आज जन्मात पहिल्यांदा पाळी आली, तीही औषधानं, आणि मूल होणं सोपं नाही, हे शिरपूरला कळवा. मधे कुठे थांबली नाही. सुमनबाई फोन घेऊन मागच्या दारी गेली. शिरपूरचं स्थळ त्याच आठवड्यात मोडलं, ते आत्ताच सांगून टाकते. हितेंद्र भला असेलही, पण आईपुढे त्याची जीभ उचलली नाही.

रत्ना ओट्याच्या कडेला जाऊन बसली. आत जातं सुरू झालं. कमलबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून दळायला बसलेल्या. शिवाशिव झाली तर त्यांना उठावं लागणार. त्यांनी दोन मुठी दळलं आणि खुंटा सोडला. मला वाटलं, आता पोरीवर कडाडणार. त्या बाहेर गेल्या, ओट्यावर टेकल्या. आमच्या गल्लीत प्रत्येक आई लेकीला जे विचारते ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"पोट दुखस का व?"

"दुखस, माय."

कमलबाईंनी तिला ओढून मांडीवर घेतलं. बाया बघत राहिल्या. मी जात्यापाशी सरकले आणि खुंटा धरला.