विहीणबाईंचं पेटंट

पेंटबॉलचा अंतिम सामना चालू असताना, दोन्हीकडून गोळ्या सुटत असताना, मैदानाच्या मधोमध जाऊन आपल्याच मुलाच्या बंदुकीतलं गुपित समोरच्या संघाला उघडून दाखवणारी बाई अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच झाली, आणि ती माझी विहीण होती. त्यांना आवरायला मी मागोमाग गेले. दोघींची सत्तरी उलटलेली. पहिली गोळी विहीणबाईंना बसली, ती त्यांच्या मुलाने मारली होती. दुसरी मला बसली. ती कुणी मारली हे अजून कुणी कबूल करत नाही, पण जावयाचा नेम मला माहीत आहे.

पेंटबॉल म्हणजे हवेच्या बंदुकीतून रंगाच्या गोळ्या मारायच्या. ज्याच्या अंगावर गोळी फुटली तो बाद. शिकल्या-सवरलेल्या मोठ्या माणसांनी हे का करावं ते मला कळलेलं नाही. पण पावस गावाच्या वरच्या सड्यावर जावयाने चिऱ्यांचे आडोसे रचून मैदान केलं आणि कोल्हापूर-पुण्याहून संघ यायला लागले. त्या कातळावर नाहीतरी गवतापलीकडे काही उगवत नव्हतं.

विहीणबाईंना न्यायाचं वेड होतं. फणस फोडला की गरे मोजून वाटायच्या, आणि एखादा उरला तर तो कुणालाच मिळायचा नाही, गाईला जायचा. माझ्या लेकीच्या लग्नात विहिणीच्या पंगतीला मी रीतीप्रमाणे त्यांना वाढायला गेले, तर त्या पाटावरून उठल्या आणि म्हणाल्या, "मुलगी तुम्ही दिलीत आणि वाढायचंही तुम्हीच? हा कुठला न्याय? बसा तुम्ही." मग त्या मला वाढायला लागल्या, मी उठून त्यांना वाढायला लागले, आणि ह्या उठबशीत जिलब्या गार होऊन दोघी अर्धपोटी राहिलो. पत्ते खेळताना तर हद्द. हातात एक्के-राजे जास्त आले की पानं उलटी करून सगळ्यांना दाखवायच्या. "अशी पानं आल्यावर गाढवही जिंकेल." त्यानंतर त्या हरायच्या, आणि हरल्या की दोन दिवस आमच्याशी बोलायच्या नाहीत.

ह्या बाईने पेटंट काढायचं मनावर घेतलं. झालं असं, की बंदुकीवर गोळ्यांचा एक डबा असतो. आमच्या दमट हवेत गोळ्या फुगतात आणि डब्याच्या तोंडाशी अडकून बसतात. विहीणबाईंनी जुन्या चपलेचं रबर कापून त्याचं चाक केलं, नातवाच्या खेळण्यातल्या गाडीची मोटार त्याला जोडली आणि बारा डबे बिघडवून तेरावा असा केला, की गोळी अडकली की चाक जरा उलटं फिरे आणि मग पुन्हा सुलटं. जात्यात दाणा अडकला की आपण जातं उलटं फिरवतो, तसं. ते मलाही माहीत होतं. पण मी काही त्याचं पेटंट काढायला गेले नाही.

एकदा मी त्यांना विचारलं, ह्या वयात हे कशाला? तर म्हणाल्या, घर सासऱ्यांच्या नावावर, बाग नवऱ्याच्या, मैदान मुलाच्या, आणि लाइटबिल येतं ते परदेशी गेलेल्या दिराच्या नावाने. "एका तरी कागदावर माझं नाव असू दे, विहीणबाई." नवऱ्याच्या फोटोशेजारी त्या कागदासाठी त्यांनी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

मुंबईच्या वकिलाने बजावलं होतं, की अर्ज जाईपर्यंत डबा बाहेरच्या कुणाला दाखवायचा नाही. चारचौघांत उघड झाला की पेटंट विसरा. म्हणून त्यांनी प्रत्येक डब्याला जुन्या साडीची खोळ शिवली. मी गेले की डबा उचलून देवघरात ठेवायच्या. अर्ज सोमवारी जायचा होता आणि रविवारी अंतिम सामना आला. खोळीतले डबे लावून जावयाचा संघ उतरला. पंचांनी बाहेरून पाहिलं आणि नियमात बसतं म्हणून सांगितलं.

समोर कोल्हापूरचा संघ. त्यांच्या बंदुका पाचव्या मिनिटाला अडकायला लागल्या. एक मुलगी आमच्या समोरच्या आडोशामागे बसून डब्यावर थापा मारत होती. गोळी काही सुटेना. ती बाद होऊन बाहेर आली आणि तोंडावरचा मुखवटा काढून म्हणाली, "काकू, खरं सांगा, काय हाय त्या खोळीत?"

विहीणबाईंची चुळबुळ सुरू झाली. मी ती पत्त्यांच्या वेळची ओळखते. म्हटलं, "बसा गप. उद्या सोमवार आहे."

"बसत्ये हो," म्हणाल्या, आणि उठल्या. "पण असं जिंकून मला झोप लागायची नाही."

पिशवी घेऊन मैदानात शिरल्या. पंचांची शिट्टी वाजेपर्यंत आम्ही दोघी रंगलो होतो. मुलगा ओरडला, "आई, उद्या अर्ज आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "मी बाद झाल्ये, बाद माणसावर ओरडायचं नाही." चिऱ्यावर बसून त्यांनी दातांनी खोळीची शिवण उसवली आणि कोल्हापूरच्या सगळ्या पोरांना चाक फिरवून दाखवलं. पिशवीत ज्यादाचे डबे होते, ते त्यांच्या बंदुकांवर बसवून दिले. सामना पहिल्यापासून खेळला गेला आणि जावयाचा संघ हरला. विहीणबाई दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दिले म्हणून इतकंही जिंकायला नको होतं."

वकिलाने फोनवरच नाही म्हटलं. त्या खिळ्याला पुढे छत्री टांगली गेली.

आता तसे डबे कितीतरी संघांकडे आहेत. कुठल्यावर कुणाचं नाव छापलेलं असतं, कुठल्यावर नसतं. मैदानावर गेले की मी उगाच एखादा उलटून बघते. लेक विचारते, आई, काय शोधतेस? मी सांगते, काही नाही.

विहीणबाई मागच्या श्रावणात गेल्या. त्या रविवारी बिनबंदुकीच्या अशा आम्ही दोघीच मैदानात होतो. त्यातली मी अजून आहे.