पाय पुन्हा शिकले

लग्नाआधी मी एकटीनं विमान उडवलं होतं. शिकाऊ विमान, दोन माणसांचं. पण वैमानिकाच्या परवान्यासाठी लागणारे तास पूर्ण व्हायच्या आत वडील आजारी पडले आणि मी पलूसला घरी परतले. मग त्यांचं जाणं, मग लग्न, मग साताऱ्याचं सासर, मग मुलगी. बारा-तेरा वर्षं गेली. मुलगी स्वतःची वेणी स्वतः घालायला लागली तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "मला राहिलेलं पुरं करायचंय." तो म्हणाला, "मी कधीची वाट बघतोय तू म्हणायची."

वैद्यकीय तपासणीत पास झाले. कराडच्या धावपट्टीवर शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी फोनवर सांगितलं, "यायच्या आधी घरी कॉम्प्युटरवर सराव करा. पण चुकीची सवय लावून येऊ नका, ती सोडवायला मला जास्त वेळ लागतो."

त्यांचं हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

माधवनगरच्या एका व्यापाऱ्यांचा मुलगा परदेशी गेला होता आणि त्याचं सिम्युलेटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचं, सामान विकायचं होतं. नवऱ्याला रजा नव्हती, म्हणून सासरे माझ्यासोबत आले. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, अजून चालताना पाठ ताठ.

व्यापाऱ्यांनी सगळं टेबलावर जोडून ठेवलं होतं. चहा देताना त्यांनी विचारलं, "नातवासाठी का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले, "सुनंसाठी. वैमानिक हाय आमची सून."

मी घाईनं म्हटलं, "अजून नाही, आप्पा. परवाना कुठं मिळालाय?"

"एकटीनं इमान वर नेऊन खाली आणलंस का न्हाई?"

"आणलं."

"मग झालं की."

व्यापारी माझ्याकडं नव्यानं बघू लागले. मला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटलं.

टेबलावर दोन प्रकार होते. एक लढाऊ विमानासारखी उभी दांडी, तिच्यावर लाल-निळे दिवे. ती पिळली की विमानाचं नाक डावीकडं-उजवीकडं वळायचं, त्यामुळं पायांना काही कामच नाही. दुसरा प्रकार साधा, काळा. समोर योक, म्हणजे मोटारीच्या स्टिअरिंगचा वरचा भाग कापल्यासारखं हँडल, जे पुढं-मागंही सरकतं, आणि जमिनीवर पायांसाठी दोन पॅडल.

"ही दांडी घे," आप्पा म्हणाले. "लय झ्याक हाय. सीमेवर असताना आमच्या डोक्यावरनं जायची ती इमानं असलीच."

"आप्पा, माझ्या विमानात योक आहे. डावा हात योकवर, उजवा इंजिनाचा जोर वाढवायच्या दांड्यावर. ही दांडी उजव्या हातात धरायची. घरी हात उलटे बसले तर तिथं जाऊन घोटाळा होईल."

मी खुर्चीत बसले. डोळे मिटून योक अगदी हळू मागं ओढला. मध्ये कुठं अडकतो का, ढिला पडतो का, ते बघितलं. मग चपला काढून पॅडल दाबली. उजवं जरा कडक होतं, पण दोन्ही एकमेकांशी नीट बांधलेली. एक पुढं गेलं की दुसरं मागं. इतक्या वर्षांनी टाचा जमिनीवर टेकवून चवड्यांनी दाब दिला.

"हेच," मी म्हटलं. कुणाला विचारलं नाही.

घरी आल्यावर पहिलीच फजिती. चाकं लावलेल्या खुर्चीत बसून पॅडल दाबलं की विमानाऐवजी मीच मागं जायचे. दोन वेळा कपाटावर आदळले. मुलगी हसून लोळली. मग साधी लाकडी खुर्ची घेतली आणि नवऱ्यानं पॅडलच्या पुढं भिंतीपर्यंत फळी ठोकली.

हातांना सगळं आठवत होतं, पायांना नाही. कॉम्प्युटरवर बाजूनं वारा लावला की माझं विमान दर वेळी धावपट्टी सोडून गवतात. मागं पेपर वाचत बसलेले आप्पा म्हणायचे, "गेलीस शेतात." मी परत सुरू करायचे. वारा डावीकडून असेल तर डावा पंख थोडा खाली, उजवा पाय पुढं. पहाटे मुलीचा डबा करण्याआधी हेच, पुन्हा पुन्हा. एके दिवशी पेपरामागून काहीच आवाज आला नाही. वळून बघितलं तर आप्पा पेपर खाली ठेवून पडद्याकडं बघत होते.

कराडला पहिल्या काही दिवसांतच खरा वारा भेटला, बाजूचा, धक्के देणारा. उतरताना प्रशिक्षकांचे हात त्यांच्या बाजूच्या योकजवळ तयार होते. मी पंख खाली केला, पाय दिला. नाक पट्टीच्या रेघेवर राहिलं. चाक टेकायच्या आधीच त्यांनी हात मांडीवर ठेवले, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

खाली उतरल्यावर ते म्हणाले, "तुमचे पाय विसरले नाहीत."

"विसरले होते, सर. मी परत शिकवले."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या फेरीची वेळ सांगितली.

काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी इंजिन चालू असतानाच पट्टा सोडला, दार उघडलं आणि म्हणाले, "एक फेरी मारून या." शेजारची सीट रिकामी झाली. एका माणसाचं वजन कमी झालेलं विमान मला वाटलं त्यापेक्षा लवकर उठलं. खाली कृष्णा-कोयनेचा संगम, उसाचे हिरवे चौकोन, हायवेवर मुंगीएवढ्या गाड्या. पहिल्या वेळी मी पोरसवदा होते, भीतीनं काही दिसलंच नव्हतं. या वेळी सगळं दिसत होतं. मी मोठ्यानं, एकटीच, "बघ!" म्हणाले. कुणाला म्हणाले, कोण जाणे. मग डावीकडं वळले आणि उतरायची तयारी सुरू केली.