तेरावी गाठ

आमच्या सोसायटीच्या टाकीची चावी माझ्याकडे असते, आणि आमच्या मजल्याला मी रोज दहा मिनिटं जास्त पाणी सोडायचो. कुणाला पत्ता नव्हता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून जुंपली. ते ऑफिसात सांगितलं, तेव्हा तिथला भगवान म्हणाला, "आमच्या गावी चला, पाणी कसं वाटतात ते बघा." दिवाळीनंतर निघालोच.

पुणे ते जालना एसटीत हाडं खिळखिळी झाली. पुढे जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीपर्यंत दुसरी एसटी, तिथून गावाला जीप. दहा रुपये, पण बूड टेकायला जागा मिळेलच असं नाही. लॉज विसरा, ओळख काढूनच जा. आम्ही भगवानच्या किसनमामांकडे उतरलो. मामींची गरम भाकरी आणि ठेचा असा होता, की मी लाज सोडून चौथी मागितली.

सकाळी सगळं गाव विहिरीवर. लाकडी ओंडका बांधलेला दोर, हाताहातावर गाठ. बारा गाठींच्या आत ओंडका पाण्याला टेकला तर उन्हाळ्यात बागांना पाणी. तेरावी गाठ काठाखाली गेली, तर फक्त माणसांना आणि जनावरांना. मामांची मोसंबी यंदा पहिल्यांदाच बहार धरणार होती. पाच वर्षं पोरांसारखी वाढवलेली बाग. आणि दोर नेमका त्यांच्याच हातात!

"तुम्ही कसे?" मी विचारलं.

"ज्याला पाणी जास्त पायजे, त्यानंच दोर सोडायचा. मंग कुणाला बोलायला जागाच न्हाई."

अकरा. बारा. दोर अजून ताणलेलाच. तेरावी गाठ त्यांच्या मुठीतून काठाखाली उतरली आणि दोर सैल पडला. मी अगदी शेजारी होतो. बाकीच्यांना दिसलं नसावं. मी हळूच म्हणालो, "मामा, बारा म्हणा की."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, याचंच मला जास्त लागलं.

"तेरा!" ते मोठ्यानं ओरडले. मग मला म्हणाले, "पाव्हणं, गावानं माझ्या हाती दिलाय दोर."

दुपारी ते बागेत झाडांच्या बुडाशी ओल टिकावी म्हणून उसाचं वाळलेलं पाचट पसरत होते. "बहार न्हाई तर न्हाई. सांडपाण्यावर झाडं तरी जगवून पाहू." असा माणूस मी आजवर पाहिला नव्हता.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी घड्याळ बघून आमच्या मजल्याचा कॉक बंद केला.

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "आज पाणी लवकर गेलं का हो?"

"नाही," मी म्हणालो, "आज वेळेवर गेलं."