रजिस्टरात नसलेला गुडघा

खरं सांगायचं तर माझा जळफळाट डोळ्यांपासून सुरू झाला. मी आणि तो, दोघे कर्जत स्टेशनाजवळच्या भिसेगावचे, शाळेत एकाच बाकावर बसलेले. रेल्वेत इंजिनावरच्या भरतीलाही एकत्र गेलो. डोळ्यांच्या तपासणीत तो पास, मी नापास. तो ड्रायव्हर झाला आणि मला रेल्वेच्या दवाखान्यात कारकून म्हणून चिकटवलं.

घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिन लावतात, त्याला आम्ही बँकर म्हणतो. तो बँकरवर होता. गाडी वर पोचवून रिकामं इंजिन घेऊन उतरला की शिट्टी द्यायचा, आणि माझी बायको, माझी स्वतःची बायको, भाकरी थापता थापता म्हणायची, "भावजी उतरले बघा!" मी रोज सहाला घरी यायचो, तेव्हा तिनं कधी मान वर केली नाही. जळणार नाही तर काय करणार माणूस?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भर दुपारी यार्डात त्याचं इंजिन डब्यांवर आदळलं, दोन चाकं रुळावरून उतरली. लागलं कुणाला नाही, फक्त त्याचा गुडघा सुजला. पण नियम म्हणजे नियम. अपघात झाला की ड्रायव्हरला आधी दवाखान्यात आणायचं, दारू किंवा कसली नशा केलीय का ते बघायचं, रक्त घ्यायचं आणि सगळं रजिस्टरात चढवायचं. ते रजिस्टर माझ्याकडे.

डॉक्टर तपासत सांगत होते, मी लिहीत होतो. तोंडाला वास नाही. बोलणं स्पष्ट. "चाल अस्थिर, गुडघ्याला मार लागल्यामुळे," ते म्हणाले. मी लिहिलं, चाल अस्थिर. आणि तिथंच थांबलो. पुढचे तीन शब्द लिहिलेच नाहीत.

त्याच्या रक्तात काही निघणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. होळीलासुद्धा त्यानं कधी थेंब तोंडाला लावला नव्हता. पण निकाल येईपर्यंत बसेल आठ-पंधरा दिवस घरी, तेवढीच शिट्टी बंद. बस्स, एवढंच हवं होतं मला.

डॉक्टरांनी नेहमीसारखी न वाचता सही ठोकली. मी रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं. "वाच आणि सही कर."

"तू लिवलंस ना रं? मग मी काय वाचू!" त्यानं सही केली. ते तीन शब्द घालायला माझा हात पेनाकडं गेला. तेवढ्यात लंगडत दाराशी पोचलेला तो वळून म्हणाला, "वयनीला सांग, मला काय झालं नाय म्हणून."

वयनीला! अशा वेळीही! मी रजिस्टर मिटलं.

निकाल आला, रक्तात दारू नाही. मी हुश्श केलं. मग वरच्या ऑफिसातून कागद आला : दारू नव्हती, तर चाल अस्थिर का? तोवर गुडघ्याची सूज गेली होती, डॉक्टरांची बदली झाली होती. "साहेब, गुडघा दुखत व्हता," तो सांगत राहिला. "रजिस्टरात गुडघा कुठं आहे?" साहेबांनी विचारलं. मी तिथंच उभा होतो, रजिस्टर छातीशी धरून. बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती. नाही बोललो. त्याला चक्कर येत असावी असा शेरा मारून मोठ्या डॉक्टरांनी त्याला इंजिनावरून कायमचं उतरवलं.

हलकं काम द्या, असा हुकूम आला. ते दिलं माझ्या शेजारच्या टेबलावर.

रिटायर होईपर्यंत आम्ही दोघांनी एकाच डब्यातली भाकरी खाल्ली. तीन शब्दांचं मी त्याला कधीच सांगितलं नाही. घाटातून बँकर उतरला की त्याचं पेन थांबायचं, मान वर व्हायची, आणि शिट्टी ऐकून इंजिनावर कोण आहे ते तो अचूक सांगायचा. मला सगळ्या शिट्ट्या सारख्याच वाटायच्या. शेजारी बसून मी त्याचा तो चेहरा बघायचो आणि काय सांगू, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटायचा.