धनगराच्या कुत्र्याचं रक्त

आमच्या कुत्रीच्या नाकातून रक्त आलं तेव्हा मी थाटात सांगितलं, "उष्णता असेल. ताक पाज." घरातल्या प्रत्येक आजारावर माझा हाच सल्ला असतो आणि तो कुणी ऐकत नाही. बायकोनं कुत्रीचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या. मुलगी लग्न होऊन कलबुर्गीला गेल्यापासून दिवसभर घरात या दोघीच. बायकोनं तिला चादरीत गुंडाळून उचललं.

भालकीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कुत्रीच्या कानातून टम्म फुगलेला गोचीड उपटला.

"गोचीड-ताप. औषध दिलंय, पण ते लागू पडेपर्यंत ही टिकायची न्हाई. अंगात रक्तच उरलं न्हाई. एखादं मोठं, धट्टंकट्टं कुत्रं आणा, त्याचं रक्त देऊन बघू. लवकर."

बायकोला तिथंच ठेवून मी आमच्या गल्लीत दारोदार फिरलो. एक शेजारी ओट्यावरून ओरडला, "साहेब, आता कुत्र्याचं बी रक्त प्यायलाव का? ऑफिसात लोकांचं कमी पडायलंय व्हय?" एरवी मीही हसलो असतो.

शेवटी मेहकरच्या रस्त्याला एका शेतात मेंढरं बसवलेला धनगर भेटला. त्याचं कुत्रं वासराएवढं.

"मरंल का ओ माझं?"

"न्हाई अण्णा. थोडंच काढतेत."

"माझ्यानं मेंढरं सोडून येणं व्हायचं न्हाई. दिवस मावळायच्या आत आणून सोडा. लांडगा फिरायलाय." त्यानं दोर माझ्या हातात दिला. अनोळखी माणसाच्या.

दवाखान्यात त्या कुत्र्यानं सुई बघितली आणि दात काढले. "बस," मी म्हणालो. गुरगुर. मग ध्यानात आलं, धनगर माझ्याशी मराठीत बोलला तरी मेंढरांवर कन्नडात ओरडत होता. धनगर कन्नड, कुत्रंही कन्नड. आणि माझी कन्नड ऑफिसात शिकलेली, शेवटी आदराचं 'रि' लावल्याशिवाय तोंडातून शब्द निघत नाही.

"कुंद्रि," मी अदबीनं म्हणालो. बसा. कुत्र्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्याच्या मागं उभ्या असलेल्या कुणा मोठ्या साहेबाशी बोलतोय. "कुंद्रि, कुंद्रि!"

"अहो, कुत्र्याला काय अहो-जाहो करायलाव!" बायको रडत रडत ओरडली. तिचं माहेर मादन हिप्परगा, शेजारच्या कन्नड पोरींत वाढलेली. ती वळून एकदाच दरडावली, "सुम्म कुंद्रु!" गप बस.

कुत्रं बसलं. मान पुढं केली.

पिशवी भरली. थेंब आमच्या कुत्रीच्या पायात उतरू लागले. बायको सारखा तिचा ओठ वर करून बघायची.

"रंग यायलाय का ओ?"

"यायलाय," मी म्हणायचो. काही येत नव्हता.

पिशवी अर्धी झाली तेव्हा कुत्रीनं एक लांब श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग थेंब बंद केले.

बायको वर टांगलेल्या पिशवीकडं बघत राहिली.

"डॉक्टर, उरलेलं त्या कुत्र्याला परत घालता येतंय का?"

"न्हाई, अक्का. आता न्हाई येत."

तिनं हात वर करून पिशवीला लावला.

"अजून गरम हाय ओ," ती मला म्हणाली.