उकंडरावांच्या ओसरीवरची बडबड

धनजच्या अंगणवाडीत लिलाबाई चोवीस वर्षांपासून सेविका आहे, आणि या चोवीस वर्षांत तिला गप्प बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं खुशाल पुढं यावं. पोरांची नाकं पुसताना ती नाकाशी बोलते, वजन करताना काट्याशी बोलते. "इच्या जिभेले हाड तं नाईच," नवरा देवमन म्हणतो, "पण एखादं बटन तरी पाह्यजे होतं."

तर अशा बाईच्या अंगणवाडीत अडीच वर्षांची गंगू आली आणि एक शब्द बोलेना. गंगू म्हणजे उकंडरावांची नात. उकंडराव गावातले मोठे शेतकरी. त्यांचा शब्द खाली पडू द्यायची घरात कुणाची छाती नव्हती. पोरीचा बाप हरीओम सकाळीच शेतात जायचा, आई वैजयंती घर सांभाळायची. पोरगी बोलावी म्हणून सगळे उपाय करून झाले होते. देवळातल्या घंटेत पाणी भरून पाजलं. पोपटानं टोचलेला पेरू चारला. शेवटी उकंडरावांनी निकाल दिला, पोरगी मुकी आहे. "कान ठणठणीत हायेत तिचे," ते सांगायचे. "मांगून ताट वाजवलं का वळून पाह्यते."

लिलाबाईला ते पटेना. तिनं गंगूच्या पाठीमागं बसून हळूच नाव घेतलं. पोरगी ठोकळे मांडत राहिली. जरा मोठ्यानं घेतलं, तरी तेच. मग ताट आपटलं, तशी झटकन वळली. "अवो, पोरगी ताट आयकते, माणूस नाई आयकत," लिलाबाई मदतनीस गोजराबाईला म्हणाली, आणि त्याच आठवड्यात आईलेकीला घेऊन जीपनं कारंजा, तिथून एसटीनं वाशीम गाठलं.

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. दोन्ही कानांना ऐकू कमी. ढोल, ट्रॅक्टर, ताट एवढं आत पोचायचं. बोलणं दारातच राहायचं. दोन्ही कानांना मशीन मिळाली. पोरांना बोलायला शिकवणाऱ्या मंजुषा मॅडम म्हणाल्या, "मशीन लावली म्हणजे काम झालं असं नाही. जे कानात गेलं नाही ते जिभेवर कुठून येणार? आता दिवसभर तिच्याजवळ बसून बोला. पहिल्या चार-पाच वर्षांत मेंदू भाषा जशी धरतो तशी नंतर धरत नाही. तिची अडीच वर्षं तर अशीच गेलीत."

लिलाबाई मनात हसली. बोलायचंच ना? मग तर आपला हातखंडा. ती अंगणवाडीत गंगूच्या मागंच लागली. हा बटाटा, ही माती, हा तुया चपलीचा अंगठा. गोजराबाईचे कान किटले. तीन महिने गेले आणि गंगूच्या तोंडून साधा हुंकारही आला नाही. लिलाबाईला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बोलण्याचा भरवसा वाटेनासा झाला.

"अंगणवाडी चार तास," मॅडमनी फोनवर विचारलं. "बाकीचा दिवस तिच्याशी कोण बोलतं?"

ते पाहायला लिलाबाई रविवारी उकंडरावांच्या घरी गेली. तिची सासू या घराच्या अंगणात खालीच उभी राहायची. लिलाबाई सरळ ओसरीवर चढली आणि खांबाला टेकून बसली. उकंडराव समोर बाजेवर होते. ते दिवसभर तिथंच असायचे. आत स्वयंपाकघराचं दार उघडं. वैजयंती भाकरी थापत होती, गंगू शेजारी. दुपार झाली. या सगळ्या वेळात वैजयंतीनं तोंडातून शब्द काढला नाही. सासऱ्याला जेवायला वाढलं की ती बांगड्या वाजवायची. पाणी ठेवलं की तांब्या आपटायची. लेकीला बोटानं बोलवायची. सून सासऱ्यापुढं बोलत नाही, ही त्या घरची रीत. आणि सासरा घरातून हलत नाही, हीसुद्धा.

लिलाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधी जमलंच नव्हतं.

"दादा, तुमी आठ दिवसांआधी पाऊस पडला तरी पेरलं नाई. काहून?"

"वापसा नव्हता ना," उकंडराव म्हणाले. "चिखलात पेरतेत का? वल बेताची व्हा लागते."

"अन् वापसा गेल्यावर?"

"मंग माती सुकते, बी वाया जाते. हे मले काहून इचारून राह्यली?"

"तुमच्या नातीचं डोस्कं आता वापशावर हाय. मॅडमनं सांगतलं. चार-पाच वर्सं, बस. त्या पोरीच्या कानात मशीन लावून ठेवली, अन् घरात कोणी तोंड उघडून नाई राह्यलं. काय उगवन?"

"आमच्या घरची रीत हाय ते."

"मंग रीत पाळा, नाई तं नात पाळा. दोनी नाई जमाचं."

दुसरं कुणी असतं तर उकंडरावांनी ओसरीखाली उतरवलं असतं. पण वापशाची गोष्ट त्यांना लागली होती. "माह्या घरातून मी तं उठणार नाई," ते म्हणाले. आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून डोक्यावरून, दोन्ही कानांवरून घट्ट बांधला. "आता मले आयकू येत नाई. बोलू दे तिले."

झालं. ऐन उकाड्यात उकंडराव कान बांधून बाजेवर बसायला लागले. गाव हसलं. रीतही राहिली, बोलणंही सुरू झालं. वैजयंती आधी भिंतीला सांगावं तसं पुटपुटली. सासू नसलेल्या घरात सहा वर्षं न बोलून तिचा आवाजच खोल गेला होता. पण लिलाबाई रोज दुपारी येऊन बसायची, "पोरीकडं पाहून बोल, वैजू. बोलली का थांब, तिले वाट दे," म्हणायची. महिन्याभरात वैजयंती अशी सुटली की लिलाबाईलाच मधे जागा मिळेना. कणीक, मीठ, म्हशीचं रेडकू, माहेरची विहीर, सगळं गंगूच्या कानावर जाऊ लागलं. पोरगी आईच्या ओठांकडं टक लावून पाहायची. गळ्यातून आवाज काढायची. पण शब्द नाही. दिवाळी गेली, संक्रांत आली, गंगूला तीन वर्षं पूर्ण होऊन गेली. लिलाबाई आतून धास्तावली होती. कुणाला दाखवत नव्हती इतकंच.

एक दिवस शिरपूरहून उकंडरावांचे व्याही, लेकीचे सासरे भागवतराव आले. पाहुण्यापुढं कान बांधून कसं बसायचं? उकंडरावांनी दुपट्टा सोडला. लिलाबाई ओसरीवर गंगूच्या मशीनचा सेल बदलून देत होती. मशीन कानात बसताच गंगू आत पळाली आणि आतून वैजयंतीचं बोलणं सुरू झालं, "हे पाह्य, हा कांदा. कांदा चिरला का डोयात पाणी येते..."

भागवतरावांनी भुवया उंचावल्या. उकंडरावांचं तोंड उतरलं. ते उठून दारात गेले आणि ओरडले, "चूप राह्य. पाव्हणे बसले हायेत."

वैजयंती जागच्या जागी थिजली. विळी थांबली. लिलाबाई उठून उभी राहिली, भांडायलाच.

गंगूनं आईच्या बंद झालेल्या तोंडाकडं पाहिलं. मग वळून आजाकडं.

"नाई."

घोगरं होतं, अर्धं नाकातून आलं होतं, पण शब्द होता. उकंडराव दारातच उकिडवे बसले.

"काय म्हणलं तू?"

"नाई," गंगू म्हणाली, आता आणखी जोरात, आणि आईच्या पदराला धरून उभी राहिली.

त्या घरात उकंडरावांना आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. पोरानं नाही, भावानं नाही. म्हाताऱ्याचे डोळे भरून वाहायला लागले. "आयकलं का पाव्हणे?" ते मागं न वळता म्हणाले. "माही नात मले नाई म्हणते. तोंडावर नाई म्हणते." लिलाबाईचा जीव सुपाएवढा झाला होता, ती रडत होती आणि हसतही होती.

उकंडरावांनी मग सुनेकडं पाहिलं. सहा वर्षांत ते तिच्याशी थेट बोलले होते ते फक्त मघाचं 'चूप राह्य'.

"बोल वो माय," ते म्हणाले. "थांबू नको. जोरानं बोल."

वैजयंतीनं पदरानं डोळे पुसले, पाहुण्यांसमोर, सासऱ्यांसमोर लेकीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "हं. तं आता आपुन कांद्यात मिरची टाकू."